दोन ओळींचं कडवं

"तांदूळ कुठून आले?" केळुस्कर बाईंनी विचारलं.

समोर बसलेला बिरुदेव कोळेकर खाली मान घालून टेबलाच्या कडेवरून बोट फिरवत होता. त्याच्यापुढे त्याचीच उत्तरपत्रिका उघडी होती आणि तिच्यातल्या एका वाक्याखाली लाल रेघ मारलेली होती. वाक्य इंग्रजीत होतं आणि व्याकरणाच्या बाजूने त्याला नाव ठेवायला जागा नव्हती. प्रत्येक कडव्याच्या शेवटी कवी थांबतो आणि तिथे लोक तांदूळ टाकतात, असा त्याचा सरळ अर्थ होता.

"कवितेतच हाय, मॅडम," तो म्हणाला.

"कुठल्या ओळीत?"

"ओळीत न्हाई. ओळीच्या फुडं."

केळुस्कर बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी त्या कवितेवर एम.ए.ला असताना चांगला वीस पानी निबंध लिहिलेला माणूस. ओळीच्या पुढे काय असतं, ते मला कुठल्याही पुस्तकात आढळलेलं नव्हतं. मी चष्मा पुसायला घेतला.

याला आता पुष्कळ वर्षं झाली. तेव्हा मी एका शहरातल्या कॉलेजात इंग्रजी शिकवायला नुकताच लागलो होतो, आणि विद्यापीठाच्या परीक्षेतले गैरप्रकार तपासणाऱ्या समितीवर विषयतज्ज्ञ म्हणून माझी नेमणूक झाली होती. त्यात माझी काही थोरवी नव्हती. अशा कामात दिवस फुकट जातो आणि वर चार लोकांचे शिव्याशाप लागतात, म्हणून जुनीजाणती मंडळी ऐनवेळी आजारी पडत. अध्यक्ष होत्या केळुस्कर बाई. इंग्रजीच्या विभागप्रमुख, करड्या केसांच्या, आणि विद्यार्थ्यांपेक्षा प्राध्यापक ज्यांना जास्त घाबरत अशा. तिसरे सदस्य ॲडव्होकेट मुतालिक. त्यांची सगळी वकिली फौजदारी कोर्टात गेलेली, त्यामुळे त्यांना साधा खोकलासुद्धा संशयास्पद वाटे.

प्रकरण होतं दुष्काळी पट्ट्यातल्या एका लहानशा कॉलेजचं. बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला इंग्रजी घेतलेली त्यांची सगळी मुलं, अठरा जण, सामूहिक कॉपीच्या संशयावरून आमच्यापुढे उभी होती. पेपरात प्रश्न आला होता की अभ्यासलेल्या कवितेतलं यमक, छंद आणि पुनरावृत्ती यांची चर्चा करा. कविता जुनी, नावाजलेली. समुद्रकाठच्या खोपटात राहणारी एक म्हातारी होडीवर गेलेल्या मुलासाठी खिडकीत रोज दिवा लावते. शेजारी येतात आणि म्हणतात, आता पुरे, विझव तो. प्रत्येक कडव्याच्या शेवटी ती एवढंच म्हणते, दिवा राहू द्या. शेवटच्या कडव्यात म्हातारी नाही. खोपट रिकामं आहे. आणि तिचंच वाक्य आता शेजारी म्हणतात.

कडवं चार ओळींचं आहे. एक ओळ लांब, एक आखूड, पुन्हा लांब, पुन्हा आखूड, आणि यमक फक्त दोन आखूड ओळींचं. पुस्तक उघडलं की आंधळ्यालाही दिसेल, इतकं ते उघड आहे. या अठरा जणांनी मात्र एकमुखाने लिहिलं होतं की कडवं दोन ओळींचं आहे आणि प्रत्येक ओळीचं यमक लगेच पुढच्या ओळीशी जुळतं. वर जवळजवळ सगळ्यांनी तांदूळ. बरोबर उत्तरं सारखी आली तर कुणी बोलत नाही, अभ्यास म्हणतात. चुका सारख्या आल्या की पोलीस जागे होतात.

त्यात पर्यवेक्षकाचा अहवाल होता. परीक्षा चालू असताना हे सगळे विद्यार्थी ओठातल्या ओठात काहीतरी पुटपुटत होते आणि थोड्या थोड्या वेळाने उजवा हात वर नेऊन पुढे झटकत होते, असं त्याने लिहिलं होतं. मुतालिकांनी हे वाक्य आम्हाला मोठ्याने वाचून दाखवलं. त्यांच्या मते हा खुणांचा प्रकार होता. एक झटका म्हणजे अमुक, दोन झटके म्हणजे तमुक. जुगाराच्या अड्ड्यावर हे असंच चालतं, असं त्यांनी खात्रीने सांगितलं.

"पण खुणांनी तांदूळ कसे सांगणार?" मी विचारलं.

"ते तुम्ही शोधायचं. विषयतज्ज्ञ तुम्ही आहात," मुतालिक म्हणाले.

खरं सांगायचं तर मी आदल्या दिवशी बाजारात जाऊन या कवितेवरची मिळतील तेवढी गाइडं आणून चाळली होती. गाइडवाले काय वाटेल ते छापतात, पण तांदळापर्यंत त्यांच्यातलाही कुणी गेलेला नव्हता. चोरी झाली म्हणावी तर माल कुठला ते कळेना. कॉपी करायची तर मूळ कुठेतरी हवं, आणि या चुकीचा बाप सापडत नव्हता.

मुलं तोंड उघडत नव्हती. एकेकाला आत बोलावलं जाई. कविता कुणी शिकवली, असं विचारलं की तो म्हणे, लिगाडे सरांनी. कशी शिकवली? चांगली शिकवली. तांदळाचं त्यांनीच सांगितलं का? इथे मुलगा गप्प. त्यांचे प्राचार्य सकाळी सगळ्यांत आधी येऊन जबाब देऊन गेले होते. वर्षभर तास नियमित झाले आणि लिगाडे परीक्षेनंतर नोकरी सोडून गावी गेले, असं त्यांनी लिहून दिलं होतं. आता ते बाहेर व्हरांड्यात मुलांसोबतच बसले होते, दरवाजाला अगदी लागून. दार उघडलं की आधी त्यांचे बूट दिसत.

दुपारपर्यंत माझं डोकं पिंजून निघालं. बिरुदेवसारखाच दुसरा, दुसऱ्यासारखाच तिसरा. मी एकाला सहज विचारलं, की बाबा रे, दिवा राहू द्या असं म्हातारी म्हणते, मग तांदूळ कोण टाकतं? तो म्हणाला, जमलेले लोक. कशासाठी जमलेले? त्याने माझ्याकडे अशा काही नजरेने पाहिलं, की मीच काहीतरी अडाण्यासारखं विचारलं असावं.

शेवटी संजीवनी हिप्परकर आत आली.

तिचं नाव आम्हाला सकाळपासून माहीत होतं, कारण तिने एक अर्ज दिला होता आणि बाईंनी तो आम्हाला वाचून दाखवला होता. तिचे वडील नोकरीवर असतानाच वारले होते. त्यांच्या जागी अनुकंपेवर तिला कारकुनाची नेमणूक मिळायची होती, पण पदवीचा कागद याच महिन्यात खात्यात पोचायला हवा होता. मुदत टळली की हक्क संपला. घरात आई आणि दोन लहान भावंडं. तेव्हा काय शिक्षा व्हायची ती होवो, पण माझा निकाल आधी लावावा, एवढीच विनंती होती. आणि शिक्षा म्हणजे काय, ते आम्हा तिघांनाही ठाऊक होतं. कॉपी सिद्ध झाली तर पूर्ण परीक्षा रद्द.

सडपातळ, सावळी, केसांचा घट्ट अंबाडा घातलेली मुलगी. बसा म्हटल्यावरही ती उभीच राहिली. तिच्या उत्तरपत्रिकेत कडवं दोन ओळींचंच होतं, यमकही तसंच चुकलेलं. फक्त एक गोष्ट नव्हती. तांदूळ नव्हते.

मुतालिकांच्या ते आधीच लक्षात आलं होतं. सतरा जण तांदूळ टाकतात आणि एकटी ही टाकत नाही, याचा अर्थ सरळ होता त्यांच्या मते. बाकीच्यांनी जे आंधळेपणाने उतरवलं ते जिच्याकडून आलं, तीच शहाणी तेवढं वगळून बसली. चोराच्या टोळीत म्होरक्याच्या अंगावर कधी माल सापडत नाही, असं ते हलक्या आवाजात बाईंना म्हणाले. हलक्या म्हणजे मुतालिकांच्या मानाने.

ते तिने ऐकलं असणार, पण तिच्या चेहऱ्यावर काही उमटलं नाही. मला मात्र वाईट वाटलं, आणि त्याहून जास्त गोंधळल्यासारखं झालं. मुतालिकांचं म्हणणं खोडावं असं माझ्याकडे काही नव्हतं आणि ते खरं आहे असंही वाटत नव्हतं.

मी तिला म्हटलं, कविता पाठ आहे का? तिने मान हलवली. म्हण बघू.

तिने सुरुवात केली. उच्चार गावाकडचे होते, पण एकही शब्द चुकला नाही. चुकत होतं ते थांबणं. पहिल्या लांब ओळीच्या शेवटी ती क्षणभर अडे, आणि दुसरी ओळ पहिलीच्या पोटात गेल्यासारखी ओढून संपवी. जिथे आवाज चढायला हवा तिथे सपाट, जिथे भराभर जायचं तिथे लांबवलेला. इंग्रजी कविता जोरावर चालते. एक अक्षर हलकं, एक ठसक्याचं, अशी तिची पावलं पडतात. हिच्या वाचनात तो ठसका नावालाही नव्हता. आणि तरी ते बेताल वाटत नव्हतं. कुठला तरी दुसराच ताल तिने आत दाबून धरला होता.

कडवं संपलं आणि तिचा उजवा हात, बोटांची चिमूट करून, छातीपर्यंत वर गेला. तिने तो लगेच डाव्या हाताने धरून खाली ओढला.

मुतालिक खुर्चीत पुढे सरकले. "हे बघा. हाच तो झटका."

"परीक्षेत तू हेच करत होतीस?" बाईंनी विचारलं.

"हो, मॅडम."

"मग तसंच कर. परीक्षेत मनात जे चाललं होतं ते मोठ्याने."

ती दाराकडे बघायला लागली. दाराखालच्या फटीतून बुटांची सावली दिसत होती.

"साहेब बाहेर हायत," ती शेवटी म्हणाली.

केळुस्कर बाई उठल्या, दार उघडलं आणि प्राचार्यांना अत्यंत सौजन्याने सांगितलं, की समितीला लिगाडे सरांच्या तासांचं हजेरीपत्रक पाहायचं आहे, तरी त्यांनी खालच्या कार्यालयातून आपल्या कॉलेजला फोन लावून ते मागवण्याची व्यवस्था करावी. प्राचार्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला. पण बाईंपुढे नाही म्हणायची कुणाची टाप नव्हती. बूट जिन्यावरून उतरत गेले. बाईंनी दार उघडंच ठेवलं आणि जागेवर येऊन बसल्या.

"हं," त्या म्हणाल्या.

संजीवनीने डोळे मिटले आणि गायला लागली.

पहिली ओळ संपेपर्यंत मला काही उमगलं नाही. दुसरीला मी खुर्चीत सरळ झालो, कारण ती चाल मला ठाऊक होती. मलाच काय, तुम्हालाही ठाऊक आहे. लग्नात उभं राहून ती न ऐकलेला माणूस आपल्याकडे मिळणं कठीण. ती मंगलाष्टकाची चाल होती. आंतरपाट धरलेला, मामा मागे उभे, वाजंत्रीवाले हातात काठ्या उचलून शेवटच्या शब्दाची वाट बघतायत, आणि कुणीतरी आत्या नाहीतर मावशी लांब सूर लावून म्हणत असते, ती. मंगलाष्टकाची ओळ असते ऐसपैस, आणि तिच्या मध्ये श्वासापुरता एक थांबा असतो. संजीवनीने त्या एका ओळीत इंग्रजी कवितेच्या दोन ओळी बसवल्या होत्या. लांब ओळ थांब्याच्या अलीकडे, आखूड ओळ पलीकडे. चाराच्या दोन झाल्या होत्या त्या अशा. आणि दोन झाल्यावर यमक ओळीला ओळ जुळणारच. चूक होती, पण कुणाच्या कागदावरून उचललेली नव्हती. त्यांच्या कानांना कडवं खरोखरच दोन ओळींचं ऐकू येत होतं.

कडव्याची शेवटची ओळ आली. जिथे आपल्याकडे सावधान म्हणतात, तिथे म्हातारीचं वाक्य होतं. संजीवनीने ते उचललं आणि बाहेरच्या व्हरांड्यातून सगळ्या पोरांनी एका आवाजात तिला साथ दिली. दिवा राहू द्या. तिचा हात वर गेला आणि पुढे झटकला गेला. दारातून दिसत होतं, बाहेरचेही सगळे हात झटकले गेले होते. आणि मी शपथेवर सांगतो, ॲडव्होकेट मुतालिकांचा हात टेबलावरून वीतभर वर उठला होता. त्यांनी तो चटकन पेनाकडे नेला.

अक्षता. लोक तांदूळ टाकतात.

मला हसू यायला हवं होतं, पण मी बावळटासारखा बघत राहिलो. त्या म्हातारीचा मुलगा समुद्रात बुडाला होता आणि आमच्यासमोर तिचं लग्न लागत होतं.

केळुस्कर बाई हसल्या नाहीत. त्यांनी चाल कुणी लावली ते विचारलं.

"मी, मॅडम. बाकीच्यांचा काय दोष न्हाई."

"लिगाडे सरांनी नाही?"

त्यावर जे बाहेर आलं ते तिने सावकाश, एकेक वाक्य मोजून सांगितलं. लिगाडे सर वर्षाच्या सुरुवातीला कॉलेज उघडलं तेव्हा एकदा आले होते. हजेरी घेतली, नावं विचारली आणि गेले ते परत आलेच नाहीत. त्यांच्या जागी कुणी आलं नाही. ही गोष्ट बाहेर गेली तर कॉलेजची मान्यता जाईल आणि तुमची तिन्ही वर्षं पाण्यात जातील, अशी तंबी प्राचार्यांनी येताना गाडीत दिली होती. म्हणून सगळी मुलं लिगाडे सरांचं नाव घेत होती. आणि चालीचं सांगितलं असतं तर चाल संजीवनीची हे निघालं असतं, म्हणून त्या बाबतीत सगळ्यांनी तोंडाला कुलूप लावलं होतं. सगळ्या वर्गात मिळून पुस्तक एकच होतं. ती ते घेऊन फळ्यापाशी उभी राही आणि कविता लिहून काढी, आपल्याला म्हणायला सोपी पडेल तशी, लांबलचक ओळींत. गावात कुणाचंही लग्न असलं की मंगलाष्टका म्हणायला तिला बोलावतात. त्या चालीत घातलेलं पोरांच्या डोक्यात राहतं, हे तिला माहीत होतं.

"आणि तांदूळ?" मी विचारलं. मला ते विचारल्यावाचून राहवेना.

"मी म्हणताना सांगायची, सर, हितं थांबायचं, हितं अक्षता. नुसतं ध्यानात ऱ्हावं म्हणून. ते पोरांनी वहीत लिवून घेतलं. आन मग इंग्लिश करून पेपरात बी घातलं. मी म्हणलं व्हतं, ते लिवायचं नसतंय. कुणी ऐकलं न्हाई."

बाहेरून कुणाचा तरी चोरटा श्वास ऐकू आला. बहुधा बिरुदेवचा.

मुतालिकांना एव्हाना आपली फिर्याद हातातून निसटताना दिसत होती. त्यांनी नियमांची पुस्तिका उघडून पुढची मागची पानं चाळली आणि परीक्षेत बोलायला बंदी आहे, खाणाखुणांना बंदी आहे, पण मनातल्या मनात गाण्याविषयी नियम गप्प आहेत, असं काहीसं नाराजीने जाहीर केलं. मग त्यांनी पुस्तिका मिटली.

केळुस्कर बाईंचं मात्र समाधान झालं नव्हतं. त्यांच्या कपाळावर विद्यापीठभर प्रसिद्ध असलेली आठी होती. त्या संजीवनीकडे बघत होत्या आणि त्यांचा आवाज, मला वाटलं, जरा कठोरच होता.

"कविता मरणाची आहे हे तुला समजलं होतं?"

"हो, मॅडम."

"आणि तिला तू लग्नाची चाल लावलीस. ओवीची लावायची, पाळण्याची लावायची. दुसऱ्या चाली नव्हत्या?"

मला वाटलं, आता ही रडणार. पण ती रडली नाही.

"माझं वडील धरणावर व्हतं, मॅडम," ती म्हणाली. "पुरात दरवाजा उचलाय गेलं, ते घरी आलंच न्हाईत. पाणी उतारल्यावर लांब खाली घावलं. आई दार लावून घेत नव्हती. किती दिस. लोक म्हणायचं, अगं लाव दार. न्हाई लावायची." ती थांबली. "ही कविता सरळ वाचली की पहिल्या कडव्याच्या फुडं माझा आवाज जायचा. वर्गात सगळ्यांना ठाऊक हाय माझ्या वडलांचं. पोरं खाली बघाय लागायची. मग कोण शिकवणार? मी शिकवलं न्हाई तर कुणीच पास व्हत न्हाई, मी बी न्हाई. म्हणून लग्नाची चाल घेटली. लग्नात रडलं तरी चालतंय. लोकांस्नी वाटतं, आनंदाचं हाय."

मी वीस पानी निबंध लिहिला होता त्यात पुनरावृत्तीवर स्वतंत्र प्रकरण होतं. त्यातलं एकही वाक्य मला त्या क्षणी आठवेना, आणि आठवलं असतं तर लाज वाटली असती.

बाईंनी कारकुनाला बोलावून निर्णय तिथेच सांगितला. कॉपी सिद्ध होत नाही, आरोप मागे. कॉलेजबद्दल समिती विद्यापीठाला वेगळा अहवाल देईल, आणि त्याचा त्रास मुलांना होणार नाही याची जबाबदारी बाईंची स्वतःची. मग त्यांनी अठरा उत्तरपत्रिकांचा गठ्ठा माझ्याकडे ढकलला. त्या प्रश्नाचे गुण रोखून धरलेले होते, ते आता मी द्यायचे होते.

"गाण्याला मार्क नाहीत, आष्टेकर," त्या म्हणाल्या. "कागदावर आहे त्यालाच."

मी बाजूच्या टेबलाशी बसून पेपर तपासले. कडव्याच्या ओळी चूक, यमक चूक, छंदाच्या नावाने आनंद. तिथे मी कुणालाच काही देऊ शकत नव्हतो, आणि दिले असते तर बाईंनी ते खोडले असते. पण पुनरावृत्तीबद्दल संजीवनीने चार ओळी लिहिल्या होत्या. तेच वाक्य शेवटी दुसऱ्यांच्या तोंडी येतं, कारण जे एकटीचं होतं ते आता सगळ्यांचं झालं, अशा अर्थाच्या. तिथे मी पूर्ण गुण दिले. इतर प्रश्न तिने बरे लिहिले होते. बेरीज केली, पुन्हा केली. ती काठावर पास होत होती. बाकीच्यांतलेही बहुतेक तसेच, कसेबसे. नेमणुकीचा कागद तिला मुदतीत मिळाला, हे मला पुढे कळलं.

मी बाहेर जाऊन सांगितलं. पोरं एकमेकांच्या पाठीवर थापा मारायला लागली. प्राचार्य अजून खालीच फोनशी झगडत होते. संजीवनीने दोन्ही हात जोडले, मग ते सोडले, आणि माझ्यासमोर तशीच उभी राहिली.

"काठावर का, सर?"

"कारण उत्तर चुकलंय."

"म्हंजे कॉपी न्हाई, तरी बी चुकलंच?"

"हो."

तिने मागे वळून पोरांकडे पाहिलं. त्यांच्या थापा थांबल्या होत्या. "मग बरोबर काय हाय, ते सांगा की," ती म्हणाली. "आमाला कुणी सांगितलंच न्हाई."

मी आत पाहिलं. मुतालिक निघून गेले होते. केळुस्कर बाईंनी खांद्याला पर्स लावली होती. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, पर्स उतरवली आणि कोपऱ्यातली खुर्ची ओढून बसल्या. मुलं आत आली. समितीच्या खुर्च्यांवर, खिडकीच्या कट्ट्यावर, खाली जमिनीवर, मिळेल तिथे बसली. त्यांनी वह्या आणल्या नव्हत्या. कुणी रुमाल मांडीवर पसरला, कुणी तिकिटाच्या मागची कोरी बाजू काढली. बिरुदेवने हजेरी घेणार का म्हणून विचारलं, आणि कुणी हसलं नाही.

खोलीत फळा नव्हता. मी टेबलावर बोटांनी वाजवून दाखवलं. हलकं, ठसका. हलकं, ठसका. चार ठसक्यांची ओळ, मग तीन ठसक्यांची. चौथ्याच्या जागी नुसती शांतता, तिथे काही टाकायचं नाही, तिथे ऐकायचं. पोरांनी मांड्यांवर ठेका धरला. कविता इतकी लहान आहे याचं त्यांना नवल वाटत होतं, त्यांच्या चालीत ती केवढी मोठी होती. मग मी पुस्तक उघडलं आणि पहिल्यापासून वाचायला घेतलं, सरळ, चार ओळींच्या कडव्यात, जशी आहे तशी.

दुसऱ्या कडव्याला संजीवनीचा श्वास अडकल्याचं मला ऐकू आलं. तिसऱ्याला तिने पदर तोंडाशी नेला. पोरांनी नेहमीप्रमाणे खाली बघितलं. मला पुढे वाचवेना. मी पुस्तकावर बोट ठेवून थांबलो.

"थांबू नगा, सर," ती म्हणाली.

ती रडत होती, सगळ्यांच्या देखत, आणि ते आनंदाचं आहे असं तिथे कुणालाही वाटणार नव्हतं. मी शेवटच्या कडव्यापर्यंत वाचत गेलो. रिकामं खोपट आलं, शेजारी आले, त्यांनी म्हातारीचं वाक्य म्हटलं. मी पुस्तक मिटलं. कोपऱ्यात केळुस्कर बाई खिडकीकडे तोंड करून बसल्या होत्या.

संजीवनीने तोंड पुसलं आणि मान वर केली.

"आता परत एकदा वाचा," ती म्हणाली.